चांगल्या दिवशीच हात आखडता घे

«ताई, माझं वय ४३. मिरजेत राहते, एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. तीन वर्षं झाली, अंगातला न दुखणारा एक कोपरा उरला नाही. रात्री आठ तास झोपते आणि सकाळी कुणीतरी बदडून काढल्यासारखी उठते. रक्त, लघवी, एमआरआय, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी अंगठ्याने अठरा ठिकाणं दाबली, नऊच दुखली, तर म्हणाले तुम्हाला काही नाही. दुसऱ्यांनी फायब्रोमायल्जिया लिहून दिलं. तिसरे म्हणाले क्रॉनिक फटीग. हे म्हणतात, रोज चालायला जा. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नव्हती असली दुखणी. महिन्यातून दोन-तीन दिवस अंग हलकं वाटतं. त्या दिवशी मी माळ्यापासून मोरीपर्यंत घर घासून काढते आणि मग चार दिवस आडवी. गौरी महिन्यावर आल्यात. आमच्याकडे उभ्याच्या गौरी, सोळा भाज्या, पंचवीस पानं. नोकरी सोडू का? कधी कधी वाटतं, असं जगण्यापेक्षा नकोच ते जगणं. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.»

बरं, अगं-तुगंच करते. तुझ्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ मी आधी घेते, कारण ती तू सगळ्यात घाईने लिहिली आहेस. ‘नकोच ते जगणं’ हे वैतागून म्हणणं वेगळं आणि रात्री एकटीने त्यावर विचार करत बसणं वेगळं. यातलं दुसरं होत असेल तर गौरी-बिवरी राहू दे. आज नवऱ्याला सांग आणि १४४१६ हा नंबर फिरव. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. सतत दुखणाऱ्या माणसाला उदासी येणं ही पायाला ठेच लागल्यावर रक्त येण्याइतकी साधी गोष्ट आहे. तिच्यावर इलाज होतो, आणि तो झाला की दुखणंही थोडं सैल पडतं.

मी डॉक्टर नाही, हेही आताच सांगते. मला हे दुखणं एकोणीस वर्षं आहे आणि त्यातली पहिली सहा मी तुझ्यासारखीच घर घासण्यात घालवली.

आता ती अठरा ठिकाणं. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९० मध्ये नियम केला होता की फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखण्याचा आजार, म्हणायचा तर अठरापैकी निदान अकरा जागा दाबल्यावर दुखल्या पाहिजेत. तो नियम मुळात अभ्यासासाठी रुग्ण निवडायला केलेला, पण दवाखान्यात येऊन बसला. २०१० मध्ये त्यांनीच नवे निकष काढले. त्यात ठिकाणं दाबत बसायची गरज नाही. अंगाच्या किती भागांत दुखतं, झोपून उठल्यावर ताजं वाटतं का, थकवा किती, डोकं चालतं का, आणि हे सगळं निदान तीन महिने आहे का, असं विचारून ठरवायचं असतं. त्यामुळे नऊ दुखल्या म्हणून तू नापास झालीस असं काही नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ एवढाच की तपासण्यांना जे शोधता येतं ते तुला नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर, ही पाच झाली नसतील तर करून घे. त्यातलं काही कमी-जास्त असेल तर निम्मा थकवा तिथेच सापडतो, आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवलाचं नाही. ही सगळी ठीक असतील तर दुखणं खोटं आहे असं सिद्ध होत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. फायब्रोमायल्जिया असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन, त्याच वेळी त्यांचा मेंदू स्कॅनमध्ये पाहिला. निरोगी माणसाच्या मेंदूत जी खळबळ उडवायला बराच जोर लागत होता, तीच खळबळ या रुग्णांच्या मेंदूत हलक्या दाबाने उडत होती. गणपतीच्या मांडवातला कर्णा आठव. बोलणारा साध्या आवाजातच बोलतोय, पण कुणीतरी आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळून ठेवलंय. आपल्या मज्जातंतूंचं तसं झालंय. कान किटतात ते खरेच किटतात.

सासूबाईंना एवढं सांग, की त्यांच्या वेळीही होतं. विल्यम गॉवर्स या इंग्लिश डॉक्टरांनी १९०४ सालीच याला फायब्रोसायटिस असं नाव दिलं होतं. आपल्याकडे त्याला ‘वात’ म्हणायचे, ‘अंग मोडून येतं’ म्हणायचे, आणि कपाळाला सुंठेचा लेप लावून बायका पुन्हा चुलीपुढे बसायच्या. कुणास ठाऊक, त्यातलीच एखादी तुझी सासूही असेल. हे भांडायला म्हणून सांगू नकोस. दुपारी चहा घेताना विचार, ‘आई, तुमचं अंग कधी असं दुखायचं का?’ माझ्या सासूबाईंना मी हे विचारायला आठ वर्षं लावली आणि उत्तर ऐकून आम्ही दोघीही गप्प बसलो होतो.

आता मुख्य गोष्ट. तुझे वाईट दिवस तू चांगल्या दिवशी तयार करतेस.

आपल्या दोघींच्या शरीराचा इन्व्हर्टर जुना झालाय. नवा इन्व्हर्टर लोडशेडिंगमध्ये पूर्ण उतरला तरी आठ-दहा तासांत भरतो. जुना एकदा पूर्ण उतरला की भरायला दोन दिवस लागतात, आणि तरीही आधीइतका भरत नाही. म्हणून जुन्या बॅटरीचा एकच नियम, ती उतरू द्यायची नाही. तुला महिन्यातून दोन-तीन दिवस अंग हलकं वाटतं तेव्हा बॅटरी कशीबशी भरलेली असते आणि तू त्याच दिवशी फ्रीज, गीझर, मिक्सर, सगळं एकदम लावतेस. का लावतेस तेही मला माहीत आहे. चार दिवस पडून राहिल्याची लाज असते. आज उभी राहता येतंय तर घरातल्यांना दाखवून द्यावं, की मी आळशी नाही. मी एका दिवाळीत वसुबारसेच्या आदल्या दिवशी चकली, शंकरपाळे, करंज्या आणि दोन किलोंचे लाडू एका बैठकीत उरकले. घरात सगळे ‘वा वा’ म्हणाले. लक्ष्मीपूजनाला मी आतल्या खोलीत पडून बाहेरच्या फटाक्यांचा प्रत्येक आवाज हाडांत ऐकत होते.

तर करायचं काय? एक शंभर पानी वही घे. दहा दिवस काहीही बदलू नकोस, फक्त लिही. सकाळी उठल्यावर अंग किती दुखतंय त्याला दहापैकी आकडा. दिवसभरात काय केलंस ते दोन ओळींत, आणि त्यात फक्त कष्टाची कामं नको. काउंटरवर चार तास हिशेब, सासूबाईंशी वादावादी, रिक्षात उन्हात तासभर, लग्नाच्या हॉलमधला डीजे, हेही लिही. डोक्याचं आणि मनाचं काम त्याच बॅटरीवर चालतं. फोनवर तासभर नणंदेचं ऐकणं हे कधी कधी चादर धुण्यापेक्षा महाग पडतं.

दहा दिवसांनी वही उलटी वाच. खूप वाईट दिवस आला की त्याच्या आदल्या दिवशी आणि त्याच्याही आदल्या दिवशी काय होतं ते बघ. आदल्याच्या आदल्या दिवशीचं बघायला मी मुद्दाम सांगतेय, कारण तुझे दोन डॉक्टर दोन नावं का देतायत त्याचं उत्तर तिथे मिळू शकतं. फायब्रोमायल्जियात दुखणं पुढे असतं. क्रॉनिक फटीगमध्ये, ज्याला आता मायल्जिक एन्सेफलोमायलायटिसही जोडून म्हणतात, मुख्य खूण वेगळी आहे. श्रम झाल्यावर लगेच नाही, तर बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी माणूस कोसळतो. ताप आल्यासारखं होतं, घसा धरतो, उजेड सहन होत नाही, साधं वाक्य जुळवता येत नाही, आणि हे दिवसच्या दिवस टिकतं. काहींना दोन्ही आजार एकत्र असतात. तुझे ते ‘चार दिवस आडवी’ कोणत्या जातीचे आहेत, ते पत्रावरून मला ठरवता येत नाही. वहीवरून तुझ्या डॉक्टरांना ठरवता येईल. वही घेऊनच जा.

हा फरक कागदावरचा नाही, तुझ्या नवऱ्याच्या ‘चालायला जा’ या सल्ल्याचं काय करायचं ते यावरच ठरतं. फायब्रोमायल्जिया असेल तर तो बरोबर आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये साऱ्या उपचारांचा आढावा घेतला तेव्हा ठामपणे शिफारस करावी असा एकच उपाय त्यांना सापडला, तो म्हणजे व्यायाम. औषधांनाही तेवढा मान मिळाला नाही. पण क्रॉनिक फटीग असेल तर रोज थोडं थोडं वाढवत नेण्याचा व्यायाम उलटतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने आधीच्या मार्गदर्शिकेत तो सुचवला होता. २०२१ मध्ये तिने स्वतःच तो काढून टाकला आणि आपल्या ताकदीच्या आत राहायला शिकण्यावर भर दिला. म्हणजे एकाच सल्ल्याने एक बाई बरी होते आणि दुसरी अंथरुणाला खिळते. तुझ्या नवऱ्याला वहीची ती पानं वाचायला दे. तो तुझ्यासाठी काहीतरी करू बघतोय, त्याला काय करायचं ते नेमकं कुणी सांगितलेलं नाही एवढंच.

वहीत दोन दिवसांनी कोसळणं दिसलं नाही तर चालायला सुरुवात कर, पण किती? वाईट दिवशीही जमेल एवढंच. ते पाच मिनिटं असेल तर पाच. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत आणि परत. आठवडाभर तेच. पुढच्या आठवड्यात एक मिनिट जास्त. चांगल्या दिवशी गणेश तलावाला तीन फेऱ्या मारायचा मोह होईल. त्या दिवशीही पाचच मिनिटं. हे सगळ्यात अवघड आहे, वाईट दिवशी चालण्यापेक्षाही. पहिल्या पंधरवड्यात दुखणं किंचित वाढेल, ते दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत असेल तर घाबरू नकोस. उतरत नसेल तर निम्म्यावर ये.

घरकामालाही हाच हिशेब. आपण काम संपेपर्यंत काम करतो, आपल्या आयांनी तसंच शिकवलंय. ते सोड आणि घड्याळावर काम कर. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लाव. वाजला की हातातलं खाली ठेव, मग भांड्यांतली चार पातेली उरली असली तरी. दहा मिनिटं आडवी हो, डोळे मिटून. व्हॉट्सअ‍ॅप बघत पडणं म्हणजे आराम नव्हे. थकवा जाणवायच्या आधी थांबायचं हे यातलं मर्म आहे, कारण आपल्याला तो जाणवतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. सुरुवातीला तुला हे हास्यास्पद वाटेल. मला शरम वाटायची, म्हणून मी गजराचा आवाज बंद करून मोबाइल कमरेला खोचायचे. तो थरथरला की ओल्या हातांनी जाऊन पडायचे.

काही वजाबाक्या आजच करता येतील. कणीक मळणं, कपडे पिळणं, भरलेली बादली उचलणं आणि उभ्याने पोळ्या लाटणं, ही चार कामं खांद्या-मनगटांचा जीव घेतात. कणीक घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मळावी. तुझी मुलं किती वर्षांची ते तू लिहिलं नाहीस, पण दहा वर्षांचं पोर कणीक मळू शकतं आणि मुलगाही मळू शकतो. बादली अर्धी भर. भाजी बसून निवड. नेहमीची भांडी माळ्यावरून आणि ओट्याखालून काढून कमरेच्या उंचीला आण.

झोपेचं थोडक्यात. टोरोंटोच्या हार्वी मोल्डॉफस्की यांनी १९७५ मध्ये धडधाकट माणसांच्या गाढ झोपेत मुद्दाम व्यत्यय आणला, तर काही रात्रींत त्यांचंही अंग दुखायला लागलं. म्हणून झोप किती तास, यापेक्षा ती किती खोल, हे आपल्यासाठी महत्त्वाचं. सुट्टी असो वा नसो, उठायची वेळ एकच ठेव. चारनंतर चहा नको, हे मिरजेत किती कठीण आहे याची मला कल्पना आहे. दुपारी आडवं व्हायचं ते अर्धा तास, दोन तास नव्हे. आणि रात्री तू घोरतेस का, मध्येच श्वास अडकतो का, हे नवऱ्याला विचार. तसं असेल तर डॉक्टरांना सांगायला हवं, तो वेगळा आजार असतो आणि त्यावर चांगला इलाज आहे.

औषधांत मी फार शिरत नाही. रात्री घ्यायची कमी मात्रेतली अ‍ॅमिट्रिप्टिलीन, प्रीगॅबॅलीन, ड्युलॉक्सेटीन ही नावं तुझ्या चिठ्ठीवर असू शकतात. ‘मानसिक आजाराची गोळी आहे’ म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकू नकोस. त्या गोळ्या इथे कर्ण्याचा आवाज खाली आणायला दिलेल्या असतात. काहींना उपयोग होतो, काहींना नुसती गुंगी येते. मनाने सुरू करू नकोस, मनाने एकदम बंदही करू नकोस. दुखलं की मेडिकलमधून आणायची साधी वेदनाशामकं या आजारात फारशी चालत नाहीत आणि रोज घेतली तर पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात. आणि कुणी गावातल्या ‘हमखास’ पुडीचं नाव सांगितलं, की घेतल्या दिवसापासून दुखणं गायब, तर त्या पुडीपासून चार हात लांब राहा. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

प्रत्येक नवं दुखणं याच खात्यात जमा करू नकोस. सांधा सुजला, लाल झाला, वजन आपोआप उतरलं, ताप रेंगाळला, हातापायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, तर ‘माझं नेहमीचंच’ म्हणून घरी बसायचं नाही.

नोकरी. सोडू नकोस, निदान गौरी होईपर्यंत आणि वही भरेपर्यंत तरी हा निर्णय घेऊ नकोस. थकलेल्या मेंदूने घेतलेले निर्णय मी पाहिलेत, त्यातले दोन माझेच आहेत. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात जे एकवीस प्रकार आहेत त्यांत या आजाराचं नाव नाही, त्यामुळे तिथून सवलत मागता येईल या भरवशावर राहू नकोस. मॅनेजरकडे आजार मांडू नकोस, मागणी मांड. ‘मला फायब्रोमायल्जिया आहे’ असं म्हटलंस की तो गूगल करेल आणि घाबरेल. ‘पाठीला टेका असलेली खुर्ची हवी, दर तासाला पाच मिनिटं उठायची मुभा हवी आणि रोकड मोजायचं काम दुपारऐवजी सकाळी हवं’ असं म्हटलंस तर त्यातल्या दोन गोष्टी मिळतील. रोकड सकाळी अशासाठी, की दुपारनंतर आपल्या डोक्यावर जे धुकं उतरतं त्यात पाचशेच्या नोटा मोजणं धोक्याचं. प्रत्येक आकडा लिहून ठेव, लक्षात राहील यावर विसंबू नकोस. मार्चअखेर आधीच डोळ्यापुढे ठेव आणि त्या महिन्यात घरात एकही कार्य काढू नकोस.

आता गौरी. मला ठाऊक आहे, पत्र लिहिताना तुझ्या मनात खरा घोर हाच होता. तीन दिवस आहेत. आवाहनाला भाजी-भाकरी, पूजनाला पुरण आणि सोळा भाज्या, विसर्जनाच्या दिवशी बायकांची ये-जा. यातला एकच दिवस तुझा, असं आजच ठरव आणि घरी सांगून टाक. मी तुझ्या जागी असते तर पूजनाचा घेतला असता, कारण गौरींना साडी नेसवताना जो आनंद होतो तो मला कुणाला द्यायचा नाही. पण साडी नेसवणार तर पुरण माझं नाही. पुरणपोळ्या विकत आण. मिरजेत मिळतात आणि चांगल्या मिळतात. सासूबाई नाक मुरडतील, मुरडू देत. सोळा भाज्यांचा अर्थ सोळा पातेली असा कुठे लिहिलेला नाही. सोळा प्रकारच्या भाज्या एकत्र करून एकच भाजी कितीतरी घरांत करतात, नैवेद्य तोच. निवडणं-चिरणं आदल्या संध्याकाळी नणंद-जावा आल्या की गप्पा मारत बसून होईल, फक्त तू चिरणारीत नसशील, निवडणारीत असशील. पंचवीस पानांची पंधरा करता आली तर बघ. नाही आली तर वाढणं पुरुषांकडे.

पूजनाचा आदला दिवस आणि नंतरचे दोन दिवस वहीत आत्ताच रिकामे म्हणून लिहून ठेव. त्या दिवसांची रजा आजच टाक, तेव्हा आजारी पडल्यावर टाकू नकोस. आणि गौरी आल्या त्या दिवशी अंग हलकं असेल, तू म्हणशील, आज तर काहीच दुखत नाही, करून टाकते भाकऱ्याही. त्या वेळी कमरेचा गजर वाजेल अशी व्यवस्था करून ठेव.

आणखी एक, स्टूल. ओट्याशी बसून काम करायला उंच स्टूल घेच. आपले ओटे साधारण तेहतीस-चौतीस इंच उंच असतात, त्याला चोवीस इंचाचं स्टूल बरोबर बसतं. पाठ असलेलं घे. चाकं नकोत, ओल्या फरशीवर सरकतं. पाय लोंबकळले तर कंबर धरते, म्हणून खाली एक पाट ठेव.